चिखलातली पंगत

माझा एक बूट नांदूर मध्यमेश्वरच्या चिखलात कायमचा राहिला आहे. उजव्या पायातला. चूक माझीच होती. बरोबरचा वाटाड्या मुलगा सांगत होता, "सर, पायवाट सोडू नका, पुढं गाळ आहे." पण समोर दहा-बारा पावलांवर एक पक्षी असा काही मजेत उभा होता, की मला वाटलं, जरा पुढं गेलो तर काय बिघडतं? पहिलं पाऊल टाकलं, काही झालं नाही. दुसरं टाकलं आणि पाय पोटरीपर्यंत आत! ओढावं तर आणखीच घट्ट. शेवटी त्या मुलानं काठी पुढं केली, मी जोर लावला. पाय आला, बूट आला नाही.

आणि तो पक्षी? तो शेकाट्या होता. काळे पंख, पांढरं पोट आणि काडीसारखे लांबच लांब लालसर पाय. माझी आरडाओरड ऐकून तो उडाला, थोडा पलीकडे जाऊन पुन्हा त्याच चिखलात उतरला आणि खाली मान घालून जेवू लागला. जिथं मला दोन मिनिटं धड उभं राहता आलं नाही, तिथं त्याचं ताट मांडलेलं होतं! आज आपण हे ताटच बघणार आहोत.

'दलदल' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बहुतेक सिनेमातला खलनायक! तो हात वर करून ओरडतो, हळूहळू डोक्यापर्यंत आत जातो आणि शेवटी वर नुसती टोपी उरते. मोठी माणसंही भाषणात 'भ्रष्टाचाराची दलदल' वगैरे म्हणतात. म्हणजे वाईट ते सगळं दलदल! सिनेमातलं ते दृश्य तर बरंचसं खोटं आहे. चिखल पाण्यापेक्षा जड असतो आणि आपलं शरीर साधारण पाण्याइतकंच. त्यामुळे माणूस चिखलात नुसत्या वजनानं डोक्यापर्यंत जात नाही. अडकतो मात्र नक्की. पाय उपसताना तळव्याखाली पोकळी होऊ पाहते, तिथं हवा चटकन शिरू शकत नाही, म्हणून चिखल पाय धरून ठेवतो. पाण्याजवळ असं अडकणं जिवावर बेतू शकतं. तेव्हा हा प्रयोग कुणी करू नका. माझा बूट पुरे!

आता नांदूर मध्यमेश्वर कुठं आहे ते सांगतो. नाव तुमच्या कानांवरून गेलं असेलच. पावसाळ्यात नाशिककडे धो धो पाऊस झाला की बातम्यांत हटकून सांगतात, 'नांदूर मध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे इतके इतके क्युसेक पाणी सोडलं.' आणि हिवाळ्यात सांगतात, 'निफाडचा पारा घसरला.' या दोन्ही बातम्या एकाच तालुक्यातल्या बरं का! निफाड म्हणजे द्राक्षांचा, उसाचा, कांद्याचा मुलूख. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली गोदावरी नाशिक शहरातून इकडे येते आणि इथं तिला कादवा नदी मिळते. या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, इंग्रजांच्या अमदानीत, एक बंधारा बांधला गेला. सह्याद्री बहुतेक ढग स्वतःच्याच अंगावर रिकामे करून घेतो आणि पूर्वेकडे कोपरगाव, राहाता या बाजूला पाऊस बेताचाच पडतो. तिकडं कालव्यांनी पाणी न्यायचं, एवढाच या बंधाऱ्याचा हेतू होता. पक्ष्यांचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता.

पण नदी काही नुसतं पाणी आणत नाही. विश्वास बसत नसेल तर एक सोपा प्रयोग करा. पहिल्या जोराच्या पावसात ओढ्याचं नाहीतर रस्त्याकडेचं गढूळ पाणी काचेच्या ग्लासात भरा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी वरचं पाणी बरंच निवळलेलं दिसेल आणि तळाशी मातीचा थर बसलेला असेल. पाणी वाहतं असतं तोवर माती त्याच्याबरोबर धावते. पाणी थांबलं की माती खाली बसते. बंधारा म्हणजे नदीसाठी असाच न हलवता ठेवलेला एक ग्लास. त्यात शंभराहून अधिक पावसाळे दोन नद्यांची काळी माती येऊन बसली. तळ वर आला. कुठं बेटं तयार झाली, कुठं उथळ डबकी, कुठं गवताळ चिखल, मधून मधून खोल पाण्याचे पट्टे.

इंजिनिअरच्या वहीत याची नोंद काय होणार? 'साठवण क्षमता घटली.' आणि ते खरंच आहे. पण त्याच वेळी तिथं पाखरं उतरू लागली होती. सुरुवातीला शेकड्यांनी, मग हजारांनी. १९८६ साली सरकारनं ही जागा अभयारण्य म्हणून जाहीर केली. लोक तिला 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हणू लागले. जानेवारी २०२० मध्ये तर बातमी आली, की नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. रामसर हे इराणमधलं, कॅस्पियन समुद्राच्या काठचं गाव. २ फेब्रुवारी १९७१ रोजी तिथं अनेक देशांनी मिळून ठरवलं, की जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी करायची आणि त्या जपायच्या. त्या यादीत इथलं १,४३७ हेक्टर क्षेत्र गेलं. या जागेच्या नोंदीत वनस्पती आणि प्राणी मिळून ५३६ जातींचा आकडा दिलेला आहे. एका गाळ भरलेल्या बंधाऱ्यासाठी हे काही थोडं नाही!

आता सांगा पाहू, पाखरांना हा गाळ का आवडला? पाणीच हवं असतं तर महाराष्ट्रात खोल, स्वच्छ, मोठमोठी धरणं कितीतरी आहेत.

उत्तर पाखरांच्या पायांत आणि चोचीत आहे. हिवाळ्यातल्या सकाळी चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोऱ्यावर उभे राहा, दुर्बीण डोळ्यांना लावा आणि काठापासून हळूहळू आत बघत जा. अगदी कडेला, जिथं चिखल नुसता ओलसर आहे, तिथं एक चिमणीपेक्षा थोडा मोठा पक्षी तुरुतुरु पळतो, थबकतो, काहीतरी टिपतो, पुन्हा पळतो. त्याच्या गळ्यात काळा कंठा आहे. हा कंठेरी चिखल्या. नावच चिखल्या! त्याची चोच आखूड, पण डोळे मोठे. वर दिसेल तेच खायचं, असा त्याचा कारभार.

त्याच्या शेजारी तुतवार आणि पाणलावा. यांच्या चोची लांब. पाणलावा म्हणजे लपाछपीतला उस्ताद. अंगावर सुक्या गवतासारखे पट्टे, त्यामुळे पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. शिवणयंत्राच्या सुईसारखी त्याची चोच चिखलात वर-खाली चालते. गंमत अशी, की आत चाललंय ते त्याला दिसत नाही. त्याच्या चोचीच्या टोकाला स्पर्श ओळखणाऱ्या सूक्ष्म पेशी खच्चून भरलेल्या असतात. अळी हलली, की चोचीला कळतं. आणि सगळी चोच न उघडता तो तिचं नुसतं टोक आतल्या आत उघडू शकतो! तुम्ही बंद पिशवीत हात घालून चिंचोका शोधता ना, तसंच हे. फक्त याचं बोट नाकाच्या जागी आहे.

आणखी थोडं आत, वीतभर पाण्यात, आमचे शेकाट्याभाऊ. शरीराच्या मानानं इतके लांब पाय फार थोड्या पक्ष्यांना असतात. त्यामुळे चिखल्याला जिथं पोहावं लागेल तिथं हा पोट न भिजवता चालतो.

त्याच्याही पुढं, गुडघाभर पाण्यात, मोठी मंडळी. चमच्या नावाचा पांढरा पक्षी चोच किंचित उघडी ठेवून, विळ्यानं गवत कापावं तशी डावीकडून उजवीकडे फिरवत चालतो. चोचीच्या पसरट टोकाला मासा किंवा किडा लागला, की खटकन मिटली! शेजारी शराटी आपली वाकडी चोच कुदळीसारखी चालवतो. त्याचं एक नाव कुदळ्या असंच आहे. राखी बगळा मात्र काहीच करत नाही. नुसता उभा. वर्गात मागच्या बाकावर काही मुलं बसतात ना, अगदी तसा. पण मासा टप्प्यात आला, की त्याची मान इतक्या वेगानं सुटते, की आपण 'अरे!' म्हणेपर्यंत गिळूनही झालेलं असतं.

मुग्धबलाकाची गोष्ट सांगितल्याशिवाय मी पुढं जाणार नाही. हा करकोच्याच्या जातीतला पक्षी. त्याची चोच मिटली तरी मधे फट राहते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याची चोच मोडली की काय! पण शिंपल्यासारखं कवच असलेल्या मोठ्या गोगलगाई हे त्याचं आवडतं खाणं. कवच न फोडता आतला जीव बाहेर ओढण्याची त्याची खास रीत आहे, आणि अशी गुळगुळीत गोल वस्तू हाताळायला ही अजब चोच सोयीची पडते. पिल्लांच्या चोचीला फट नसते. ती पुढं वाढत्या वयात पडते. जन्मतः सगळी सरळ, मोठेपणी चोच वाकडी.

आता मोकळं पाणी. इथं बदकांची गर्दी. थापट्याची चोच पुढं रुंद, उलथन्यासारखी. तिच्या कडांना कंगव्याचे असावेत तसे बारीक दाते असतात. तोंडात पाणी घ्यायचं, कडेनं सोडून द्यायचं आणि आत राहिलेलं गिळायचं. चहाची गाळणीच ती. तलवार बदक शेपटी आकाशाकडे करून डोकं पाण्यात घालतं आणि तळाचं बी-बियाणं शोधतं. हळदीकुंकू बदकाच्या चोचीकडे नीट बघा. टोकाला पिवळा आणि कपाळाजवळ लाल ठिपका. हे नाव ज्या कुणी ठेवलं त्याला, किंवा कदाचित तिला, माझा नमस्कार! तसंच दुसरं झकास नाव वारकरी. हा काळाकुट्ट पाणपक्षी, आणि त्याच्या कपाळावर पांढराशुभ्र टिळा. वारकऱ्यासारखाच हा घोळक्यानं राहतो. उडायचं असलं की याला आधी पाण्यावरून बरंच अंतर धावावं लागतं. शंभरेक वारकरी एकदम धावायला लागले, की पाण्यावर टाळ्यांचा कडकडाट होतो.

आता लक्षात आलं? काठापासून आतपर्यंत जेमतेम पाच-पन्नास पावलं अंतर, पण दर चार पावलांना पाण्याची खोली वेगळी आणि म्हणून जेवणारा वेगळा. खोल धरणात काठ संपला की एकदम दोन पुरुष पाणी. तिथं पोहणारे निभावून नेतात. पाय टेकून जेवणाऱ्यांनी उभं कुठं राहायचं? इथं ती जागा गाळानं करून दिली.

नुसती जागाच करून दिली असं नाही, जेवणही गाळातच आहे. चिखलाची एक मूठ उचलली तर तिला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. आपण नाक मुरडतो, पण तो वास म्हणजे आत स्वयंपाक चालू असल्याची खूण. झाडांची पानं, गवत, मेलेले किडे हे सगळं चिखलात पुरलं जातं. खाली ऑक्सिजन फारसा पोचत नाही, तेव्हा ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू ते हळूहळू कुजवतात. मधूनच पाण्यावर बुडबुडे येतात, त्यांत मिथेन वायू असतो. हा कुजलेला माल खायला अळ्या, जंत, गोगलगाई येतात. त्यांतल्या काही अळ्या चक्क लाल रंगाच्या असतात. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन असतं ना, तेच यांच्याही अंगात असतं. ऑक्सिजन कमी असलेल्या जागी जो मिळेल तो धरून ठेवायला त्याचा उपयोग होतो. पाणलावा आणि तुतवार सुया टोचत असतात ते यांच्यासाठीच.

झाडांचीही तीच अडचण. मुळं चिखलात गुदमरणार. म्हणून कमळाच्या देठात आणि पाणकणसाच्या पानांत हवेच्या नळ्या असतात. कमळाचा देठ आडवा कापून बघा, भोकं दिसतील. वरून हवा घ्यायची आणि खाली मुळांना पोचवायची. कमळकाकडीची भाजी खाल्ली असेल, तर तुम्ही ती भोकं चाखलीसुद्धा आहेत!

(इथं आई-बाबांचा एक प्रश्न येणार हे मला माहीत आहे: "आणि डासांचं काय?" डास असतात, खोटं कशाला बोला. पण जिवंत दलदलीत डासांच्या अळ्या खाणारे मासे असतात, चतुरांची पाण्यातली पिल्लं असतात. आपल्या गच्चीवरच्या फुटक्या कुंडीत आणि तुंबलेल्या गटारात हे राखणदार बहुधा नसतात.)

पावसाळ्यात इथं आणखी एक गंमत चालते. लांब शेपटीचा कमळपक्षी. याच्या पायाची बोटं इतकी लांब, की अंगाचं वजन पसरतं आणि तो तरंगत्या पानांवरून चालत जातो. मादी मोठी, नर लहान. मादी अंडी घालते आणि निघून जाते. मग दुसऱ्या नराकडे, पुढं तिसऱ्या नराकडे. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं, सगळं बाबांकडे! घरटं म्हणजे पाण्यावरच्या पाल्याचा एक तकलादू गोळा. पाणी चढलं, तर नर चोच आणि छाती यांच्यात अंडं धरून दुसऱ्या जागी हलवतो. पण पाणी अचानक उतरलं आणि घरटं काठाच्या चिखलाला टेकलं, तर कोल्हा-मुंगुसांची वाट मोकळी होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

हिवाळ्यात येतात ते पाहुणे. चक्रवाक घ्या. जुन्या काव्यांत चक्रवाकाची जोडी रात्री एकमेकांपासून दुरावते आणि विलाप करते. खरं तर हा नारिंगी रंगाचा एक धष्टपुष्ट बदक. त्याचं घर लडाख, तिबेट, मध्य आशिया. पाठीवर छोटं यंत्र बसवून केलेल्या अभ्यासात चक्रवाक हिमालय ओलांडताना सहा हजार मीटरहून जास्त उंचीवरून गेलेले आढळले. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. एकावर एक चार कळसूबाया ठेवल्या, तर साधारण तिथं पोचाल. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक ही मंडळीही उत्तरेकडूनच येतात. ऑक्टोबरपासून सुरुवात होते, मार्चअखेर बहुतेक परततात. इतक्या प्रवासानंतर त्यांना काय हवं असतं? शाळेतून आल्यावर तुम्हाला हवं असतं तेच. खाणं, लगेच आणि भरपूर.

सगळेच लांबचे नाहीत. या जागेच्या नोंदीत एक मासा आहे, देवळालीचं नाव मिळालेला. नाशिकजवळच्या देवळालीचं! हा छोटासा मासा जगातल्या अतिसंकटग्रस्त जातींत गणला जातो. त्याला बघायला कुणी दुर्बीण घेऊन येत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता जरा अवघड भाग. हा मी टाळणार होतो, पण तुम्ही काही बालवाडीतले नाही.

तुम्ही स्वतःला कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याच्या जागी ठेवून बघा. कालव्याला पाणी ठरावीक दिवसांनी सुटतं, त्याला 'आवर्तन' म्हणतात. आवर्तन लांबलं की पीक वाळतं. त्याला सांगितलं, की बंधाऱ्यात गाळ साचल्यानं पाणी कमी मावतं, तर तो काय म्हणेल? 'मग गाळ काढा!' त्याचं चुकलं का? माझ्या मते नाही. पण सगळा गाळ उपसला तर चिखल्यापासून मुग्धबलाकापर्यंत सगळी पंगत उठली. आणि आवर्तनासाठी पाणी कमी-जास्त झालं, की कमळपक्ष्याचं घरटं आलंच संकटात.

बरं, मग हातच लावायचा नाही असं ठरवलं तर? तेही सोपं नाही. दरवर्षी गाळ येतच राहणार. उथळ पाण्यात आधी पाणकणीस दाट होतं, मग काठावर बेशरम फोफावते, जरा जमीन वर आली की वेडी बाभूळ. एक दिवस तिथं पाणीही नाही आणि चिखलही नाही. दलदल म्हणजे पाणी आणि जमीन यांच्यामधला मुक्काम; तो टिकवायला बरीच खटपट करावी लागते. राजस्थानातल्या भरतपूरला याचा धडा मिळाला. तीही माणसानं बांध घालून तयार केलेली पाणथळ जागा. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ साली तिथं म्हशींची चराई बंद केली. पाखरांचं भलं होईल, असंच सगळ्यांना वाटलं होतं. पण म्हशी जे गवत खाऊन ताब्यात ठेवत होत्या, ते बेसुमार वाढलं आणि त्यानं उघडं पाणीच झाकून टाकलं. पुढं अनेक वर्षं चाललेल्या अभ्यासातून कळलं, की म्हशी त्या दलदलीच्या व्यवस्थेचा भाग होत्या.

तिसरं संकट जांभळ्या फुलांचं आहे. दिसायला इतकं सुंदर, की पहिल्यांदा बघणारा फोटो काढतो. ती जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतली. हवामान मानवलं तर पंधरवड्यात दुप्पट होणारी. तिचा आवडता खुराक म्हणजे सांडपाणी आणि शेतातून वाहून आलेली खतं. नाशिक शहर नदीच्या वरच्या अंगाला आहे, हे सुरुवातीला सांगितलंच. जलपर्णीची चटई पसरली की खाली उजेड जात नाही, पाण्यातला ऑक्सिजन घटतो, मासे मरतात. बदकांना तर पाणीच दिसत नाही. जांभळी पाणकोंबडी मात्र त्या चटईवरून ऐटीत फिरते, कोवळा देठ पायाच्या पंजात धरून भुट्ट्यासारखा खाते. म्हणजे कुणाचं तरी बरं चाललंय! पण एका पाणकोंबडीसाठी सगळी पंगत उठवायची का?

तेव्हा कुणाला तरी बसून ठरवावंच लागतं: कुठला गाळ काढायचा, कुठला ठेवायचा, पाणी कधी किती उतरवायचं, पाणकणीस कुठं कापायचं. वनखातं, पाटबंधारे खातं, गावकरी, मासेमार, पक्षी मोजणारे, सगळ्यांचं यात काही ना काही आहे. चापडगाव आणि आसपासच्या गावांतली तरुण मुलं वाटाडे म्हणून काम करतात. माझ्याबरोबरचा मुलगा द्राक्षबागेत मदत करून उरलेल्या वेळात हे करत होता. त्याला सत्तर-ऐंशी पक्ष्यांची नावं मराठीत आणि इंग्रजीत तोंडपाठ होती. पुस्तक न उघडता, केवळ आवाजावरून तो पक्षी सांगायचा.

आम्ही परतत होतो तेवढ्यात पाण्यावरचे सगळे वारकरी एकदम गोळा झाले. इतका वेळ पांगलेले, आणि क्षणात एकाला एक चिकटून काळा गठ्ठा. मी म्हटलं, "काय झालं?" त्यानं नुसतं बोट वर केलं. पाणकणसावरून एक तपकिरी शिकारी पक्षी पंख किंचित वर उचलून, घाई नसल्यासारखा तरंगत येत होता. दलदली भोवत्या. तो गठ्ठ्यावरून दोनदा फिरला. एकटा पडलेला कुणी मिळेना, तसा पलीकडच्या गवतावर निघून गेला. मिनिटाभरात वारकरी पुन्हा पांगले, जेवण सुरू झालं.

तुम्हाला जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा. निफाड रेल्वे स्टेशनपासून अंतर फार नाही. पहाटे पोचा, कारण ऊन चढलं की दुर्बिणीत सगळं थरथरतं. स्वेटर न्याच, निफाडच्या पाऱ्याची बातमी उगाच येत नाही. भडक रंगाचे कपडे नकोत, मोबाइलवर गाणी नकोत. नाशिक लांब पडत असेल तर सोलापूर-पुण्याकडच्यांना उजनी आहे, मराठवाड्यातल्यांना जायकवाडी, आणि मुंबईकरांना ठाण्याची खाडी. तिथल्या चिखलातही हजारो रोहित पक्षी जेवायला उतरतात. कुठंही गेलात तरी एक वही ठेवा. पक्ष्याचं नाव नाही आलं तरी चालेल. तो किती खोल पाण्यात उभा होता आणि चोच कशी चालवत होता, एवढं लिहा. नाव मागाहून सापडतं.

आणि बूट लेस आवळून बांधा.